विश्लेषण : नांदेड-लातूरच्या घरात आलेला अ‍ॅक्सोलॉटल तरंगतो कशामुळे?

मोबाइलवरच्या खेळामुळे ओळखीचा झालेला हा मेक्सिकन उभयचर हौशी घरांतील काचेच्या टाकीपर्यंत पोहोचतो आहे. तो पाण्यावर तरंगू लागला की घरात घबराट उडते. या तरंगण्याचा अर्थ काय? आणि थंड पाण्यातला हा जीव मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणावा का?

टाकी नवी, पाणी नितळ, फिल्टर चालू. पहिले दोन दिवस तळाशी गुमान बसलेला अ‍ॅक्सोलॉटल तिसऱ्या दिवशी सकाळी वर आलेला दिसतो. शेपूट वर, डोके खाली. पाय मारत खाली जायला बघतो आणि बुचासारखा पुन्हा वर येतो. घरातला शाळकरी मुलगा रडवेला होतो, वडील दुकानदाराला फोन लावतात आणि दुकानदार माशांच्या औषधाची एखादी बाटली सुचवतो. ती टाकीत ओतली जाते. अनेकदा दुखणे खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

तरंगणे हा स्वतंत्र आजार नाही. ताप आला की शरीरात काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते, तसे हे आहे. नांदेड किंवा लातूरसारख्या गावात पहिला संशय पाण्यावर घ्यायला हवा. त्यातही पाण्याच्या तापमानावर. दुकानातली बाटली या दोन्हींवर काही करत नाही.

मासा नव्हे, बेडकाचा नातेवाईक

अ‍ॅक्सोलॉटलला सर्रास ‘पायांचा मासा’ म्हटले जाते, पण तो सॅलॅमँडर गटातला उभयचर आहे. भारतात सॅलॅमँडर आढळतो तो पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला. महाराष्ट्राच्या वाट्याला हा प्राणी कधी आलाच नाही, त्यामुळे मराठीत त्याला नाव नाही आणि तो पाळण्याचा अनुभवही पिढीजात नाही. बेडूक लहानपणी बेडूकमासा असतो, मग कल्ले गळतात आणि तो जमिनीवर येतो. अ‍ॅक्सोलॉटल मात्र बाल्यावस्थेतच वयात येतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंची पिसांसारखी कल्ल्यांची झुपके जन्मभर तशीच राहतात. तुटलेला पाय तो पुन्हा उगवतो. त्यासाठीच जगभरच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात. २०१८मध्ये त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा तो माणसाच्या आराखड्याच्या सुमारे दहा पट मोठा निघाला.

त्याचे घर एकच, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोचे कालवे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे हे पाणी आहे, म्हणजे कळसूबाईच्याही वर. तिथले पाणी वर्षभर थंड असते. आज त्या कालव्यांतही तो जवळपास संपला आहे. १९९८मधील पाहणीत एका चौरस किलोमीटरमागे सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता, २०१४च्या सुमारास ही संख्या ३६वर आली. प्रदूषण हे एक कारण. दुसरे, लोकांना खायला मासे मिळावेत म्हणून तिथे सोडलेले कार्प आणि तिलापिया. त्यांनी अ‍ॅक्सोलॉटलची अंडी आणि पिल्ले फस्त केली.

बाजारात दिसणारे गुलाबी-पांढरे अ‍ॅक्सोलॉटल या कालव्यांतून पकडलेले नसतात. १८६४मध्ये काही जिवंत अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेण्यात आले आणि जगभरच्या टाक्यांतील बहुतेक वंश त्या छोट्या गटापासून वाढला. त्यामुळे टाकीत एक अ‍ॅक्सोलॉटल विकत घेतल्याने सोचिमिल्कोतला एकही वाचत नाही. विक्रेते ‘दुर्मीळ जीव जपा’ असे म्हणतात तेव्हा हे लक्षात असलेले बरे.

२०२१मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळात अ‍ॅक्सोलॉटल आला आणि मुलांच्या तोंडी हे नाव बसले. खेळात तो बादलीत भरून कुठेही नेता येतो. खऱ्या आयुष्यात तो २० ते ३० सेंटिमीटर वाढतो आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षे जगतो. आठवीतल्या मुलासाठी आणलेला अ‍ॅक्सोलॉटल तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत आई-वडिलांच्याच गळ्यात राहणार, हा हिशेब खरेदीच्या दिवशी कोणी करत नाही.

कोणते तरंगणे काळजीचे?

अ‍ॅक्सोलॉटल तीन मार्गांनी श्वास घेतो. कल्ले, त्वचा आणि साधी फुप्फुसे. त्यामुळे अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणे हा त्याचा नेहमीचा उद्योग आहे. घोट थोडा मोठा झाला तर तो काही वेळ पाण्यात मधोमध लोंबकळत राहतो, मग तोंडातून बुडबुडा सोडतो आणि खाली उतरतो. पिल्ले तर नुसती मजा म्हणून तरंगत असावीत, असे वाटण्याइतकी तरंगतात. प्रवासातून आलेल्या अ‍ॅक्सोलॉटलने पिशवीत बरीच हवा गिळलेली असू शकते. एक-दोन दिवसांत ती आपोआप निघून जाते.

पाहायचे ते एवढेच, की मनात आले तेव्हा त्याला खाली जाता येते का? अंग आडवे, पाय सैल, कल्ले मागे झुकलेले आणि मधूनच तळाशी फेरी, असे असेल तर मोबाइलवर फोटो काढावा आणि त्याला एकटे सोडावे. याउलट खाली जाण्यासाठी धडपड, शेपटाकडची बाजू सतत वर, कल्ले पुढे वळलेले, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकलेले, अन्नाला तोंड न लावणे, यातले काही दिसले तर गडबड आहे. पोट फुगलेले असेल किंवा कातडीवर, बोटांवर लाल डाग असतील तर संसर्ग किंवा अंगात पाणी साठल्याची शक्यता असते. तिथे घरगुती उपाय करत बसू नये.

पोटाचे साधे कारण आधी तपासावे. टाकी सुंदर दिसावी म्हणून तळाशी रंगीत खडे टाकले जातात. अ‍ॅक्सोलॉटल अन्न चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. सोबत खडाही जातो. आतडे तुंबते, मागे अन्न कुजते, वायू धरतो आणि मागची बाजू वर उचलली जाते. दुकानात टाकीसोबत खड्यांची पिशवी मिळाली तर ती कुंडीत टाकावी. तळ उघडा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. जास्त खाऊ घातल्यानेही हेच होते. मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला दोन-तीन दिवसांतून एकदा खाणे पुरते, आणि आपल्याकडच्या पाहुणचाराला हे पटत नाही.

मार्च आला की

नांदेड-लातूरमध्ये या जीवाचा कसोटीचा काळ ठरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत घरातल्या टाकीचे पाणी रात्री बऱ्यापैकी गार होते. त्या दिवसांत आणलेला अ‍ॅक्सोलॉटल रुळतो, खातो, सगळे छान चालते. घरच्यांना वाटते, जमले. मग होळी येते. बालाघाटच्या पठारावरचे लातूर किंचित बरे, पण गोदाकाठच्या नांदेडात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि पंख्याखालच्या खोलीत ठेवलेले पाणी ३० अंशांच्या पुढे सरकते. अ‍ॅक्सोलॉटलला मानवते १६ ते १८ अंशांचे पाणी. २० पर्यंत चालते. २४च्या वर तो ताणाखाली जातो आणि हे दिवस लांबले तर आजारी पडून मरतो.

गरम पाण्याने तो का तरंगतो, याची साखळी समजून घेण्यासारखी आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. कल्ल्यांना पुरेसे मिळत नाही म्हणून तो वारंवार वर येऊन हवा गिळतो. उष्णतेने त्याच्या शरीराचा वेग वाढतो, भूक आणि पचन बिघडते, पोटातले आणि टाकीतले अन्न लवकर कुजते. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया गरम आणि क्षारधर्मी पाण्यात कित्येक पटींनी अधिक विषारी ठरतो. मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारधर्मी असते. जडपणा अ‍ॅक्सोलॉटलला सोसतो, काहीसे जड पाणी त्याला आवडतेही. पण जड, क्षारधर्मी आणि वर गरम अशा पाण्यात अमोनियाची थोडीशी मात्राही कल्ले भाजून काढते. टाकी तीच आणि फिल्टरही तोच असताना जानेवारीत काही न झालेला अ‍ॅक्सोलॉटल एप्रिलमध्ये तरंगतो, तो यामुळे.

नव्या टाकीत हा धोका दुप्पट. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते आठ आठवडे लागतात. हौशी मंडळी याला टाकी ‘सायकल’ होणे म्हणतात. आपल्याकडे समजायला विरजणाचे उदाहरण सोपे. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर दही लवकर लागते, नाहीतर वाट पाहावी लागते. टाकी आणि अ‍ॅक्सोलॉटल एकाच दिवशी, एकाच बिलावर घरी येतात, तेव्हा हे विरजण लागलेले नसते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याचे चाचणी संचावर दिसल्याशिवाय जीव आत सोडू नये, हा नियम विक्रेता सांगत नाही, कारण त्यात दीड-दोन महिने विक्री थांबते.

माठाचे शास्त्र आणि त्याची मर्यादा

पाणी गार ठेवण्याची युक्ती मराठवाड्याला शिकवायला नको. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात, तेच इथेही चालते. टाकीवर जाळीचे झाकण ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. एप्रिलची हवा कोरडी असल्याने हे कामही करते. पण ३१ अंशांतून चार वजा केले तरी २७ उरतात. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तेवढाही फरक पडत नाही. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टाकीत सोडणे हा दुसरा प्रकार. संकटात तो उपयोगी पडतो, पण दुपारी ३०, रात्री २२ आणि पुन्हा दुपारी ३० असे हेलकावे या जीवाला सततच्या उष्म्याइतकेच जाचतात. थेट बर्फ टाकणे तर टाळावेच.

खात्रीचे मार्ग दोनच, पाणी थंड करणारे चिलर यंत्र किंवा चोवीस तास एसी असलेली खोली. चिलरचा खर्च टाकी, फिल्टर आणि अ‍ॅक्सोलॉटल या तिघांपेक्षा जास्त जातो, म्हणून खरेदीच्या यादीतून तो पहिला कटतो. शिवाय वीज गेली की चिलर, फिल्टर आणि पंखा एकदम बंद. मे महिन्याच्या दुपारी चार तासांचा खंड पडला तर काय करायचे, याचे उत्तर आधी हवे. इन्व्हर्टर, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि फ्रीजरमध्ये तयार बाटल्या, इतकी तरी सोय असावी.

पाण्याचा हिशेबही मांडायला हवा. एका अ‍ॅक्सोलॉटलला शंभर लिटरची टाकी म्हटली तर आठवड्याला साधारण २५ लिटर पाणी बदलावे लागते. आजारी पडला तर त्याला वेगळ्या टबात ठेवून दहा-पंधरा लिटर पाणी रोज पूर्ण बदलायचे. एरवी ही रक्कम किरकोळ वाटते. पण १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे ज्या शहरात आली, ते लातूर आहे. त्या वर्षी तिथे पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरणात पाणी असले तरी नळ अनेक दिवसांआड येण्याची सवय या शहराला आहे. गंमत अशी की, ड्रममध्ये साठवण्याची हीच सवय इथे कामी येते. उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातला क्लोरिन बऱ्याच अंशी उडून जातो. फक्त ते पाणी सावलीतले असावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी या जीवासाठी उकळते आधणच.

तरंगू लागला, आता काय?

पहिल्या तासात औषध शोधू नये. थर्मामीटर पाहावा. तापमान २२च्या वर असेल तर ते काही तासांत हळूहळू उतरवावे, एकदम नव्हे. मग अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. काहीही आढळले तर क्लोरिनमुक्त, त्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा बदलावा. धडपड करत असेल तर त्याला स्वच्छ टबात, पाय तळाला टेकतील आणि पाठ पाण्याखाली राहील इतक्याच पाण्यात ठेवावे. कोरडी पडलेली कातडी जखमी होते, म्हणून पाठ बाहेर राहू देऊ नये. टब अंधाऱ्या कोपऱ्यात असावा. या जीवाला पापण्या नाहीत, ट्यूबलाइटचा झोत त्याला चुकवता येत नाही. दोन दिवस उपास. बहुतेक हवा आणि साधी अडकलेली विष्ठा तेवढ्यात बाहेर पडते. पोट दाबून हवा काढण्याचा प्रकार कोणी सुचवला तर तो ऐकू नये.

इंटरनेटवर एक सल्ला हमखास मिळतो, अ‍ॅक्सोलॉटलला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत पचन मंदावते आणि संसर्ग रोखला जातो, असा त्यामागचा विचार. युरोप-अमेरिकेत १८ अंशांच्या टाकीतून तो पाच-आठ अंशांच्या फ्रिजमध्ये जातो. नांदेडात ३० अंशांच्या टाकीतून जाईल. हा धक्का त्याला मारू शकतो. त्यात घरचा फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतो. पशुवैद्यकाने स्वतः सांगितल्याशिवाय हा प्रयोग नको.

नव्याने आणलेल्याची गोष्ट थोडी वेगळी. बाहेरगावाहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पिशवीत आलेला जीव तापलेला असतो आणि टाकी (असलीच तर) थंड. पिशवी अर्धा-पाऊण तास टाकीत तरंगू द्यावी, त्यात थोडे थोडे टाकीचे पाणी घालत जावे, शेवटी पिशवीतले पाणी फेकून फक्त जीव आत घ्यावा. पहिला दिवस खाऊ नको, दिवा नको, काचेवर टकटक नको. आडोशाला एखादा पीव्हीसी पाइपचा गुळगुळीत तुकडा पुरतो. सोबतीला गोल्डफिश ठेवू नये, तो कल्ले कुरतडतो.

खाण्याचे मात्र मराठवाड्यात सोपे आहे. गांडूळ हे त्याचे उत्तम अन्न. पण गांडूळखताच्या खड्ड्यातले लाल गांडूळ अनेक अ‍ॅक्सोलॉटल तोंडात घेऊन थुंकतात, त्याला कडवट स्राव असतो. घरच्यांना वाटते आजारी पडला. फवारणी न झालेल्या बागेतले साधे गांडूळ धुऊन, तुकडे करून दिले तर तोच जीव झडप घालतो.

इलाज कुठे आणि कायदा काय

दोन्ही शहरांत गाय, म्हैस, शेळी आणि कुत्रा पाहणारे पशुवैद्यक मिळतात, उभयचर हाताळलेला डॉक्टर मिळणे कठीण. तरी हा प्रदेश अगदीच रिकामा नाही. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय आणि मत्स्यविज्ञान अशी दोन्ही महाविद्यालये आहेत, परभणीलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. शोभिवंत मासे आणि विदेशी पाळीव प्राण्यांसाठी आठवड्यातून एक दिवस सल्ला कक्ष चालवणे या महाविद्यालयांना अवघड नसावे. विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि दुकानदाराच्या बाटलीला पर्याय उभा राहील.

कायद्याची बाजू तर बहुतेकांच्या गावीही नसते. अ‍ॅक्सोलॉटल ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. तिच्यानुसार या करारातील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि त्या बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून ही नोंदणी करायची आहे. जन्म, मृत्यू आणि मालकी बदलही कळवायचा आहे. कुठून घेतला याचा कागद विक्रेता देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. पावती नसलेल्या जिवाची जबाबदारी शेवटी घेणाऱ्यावर येते.

कंटाळा आला म्हणून गोदावरीत किंवा मांजरेत सोडून देणे हा तर सर्वांत वाईट शेवट. मेच्या पाण्यात तो जगणार नाही, पण त्याच्या अंगावरची बुरशी किंवा विषाणू इथल्या बेडकांना लागू शकतात. उजनीत सकर मासा कसा पोहोचला आणि मच्छीमारांची जाळी कशी फाडू लागला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सोचिमिल्कोत बाहेरून सोडलेल्या माशांनी जे केले, ते वर आलेच.

मग आणूच नये का? चिलर किंवा अखंड एसी परवडत नसेल तर आणू नये, हे स्पष्ट म्हणायला हवे. नांदेड-लातूरच्या बहुसंख्य घरांचे उत्तर त्यामुळे ‘नाही’ असेच येईल. ज्यांच्या टाकीत तो आधीच आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. विकणाऱ्याने त्यांना काही सांगितलेले नव्हते. त्यांनी या उन्हाळ्याआधी थंडाव्याची सोय करावी किंवा ज्याच्याकडे ती आहे अशा पालकाकडे रीतसर नोंदणीसह तो सोपवावा.

ज्यांचे अजून ठरायचे आहे, त्यांच्यासाठी एक स्वस्त चाचणी आहे. मार्चमध्ये टाकी भरावी, फिल्टर चालू करावा, पंखा किंवा चिलर जे काही वापरणार असाल ते लावावे आणि आत फक्त थर्मामीटर सोडावा. रोज दुपारी चार वाजताचा आकडा वहीत लिहावा, वीज गेलेल्या दिवशीचाही. जूनअखेर ती वही मुलासमोर उघडावी. सगळे आकडे वीसच्या आत असतील, तर दिवाळीनंतर दुकानात जायला हरकत नाही.